अहिररावांच्या शेडमधली थंडी

निवृत्ती खैरनार ज्या शेडमध्ये हीटर बसवी, त्या शेडमधली थंडी संध्याकाळपर्यंत त्याच्या घरी मुक्कामाला येत असे. ओळखीच्यांना हे ठाऊक होतं आणि कुणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. हाकललेली थंडी काही हवेत विरघळत नाही. तिला कुठेतरी जावं लागतं, आणि ज्याने हाकललं त्याचंच दार ती ठोठावणार, यात तिचं तरी काय चुकलं? दिव्याखाली अंधार म्हणतात, तसलीच ही गोष्ट.

पहिल्यांदा आली ती एका रंगकामाच्या कारखान्यातली थंडी. लहानशीच होती. खाटेखाली अंग मुडपून पडली, कुणाला त्रास दिला नाही. मग एका मसाल्याच्या गोदामातली आली, तिला जरा मिरचीचा वास होता आणि तिच्यामुळे घरात सगळे शिंकायचे. निवृत्ती स्वेटरवर स्वेटर चढवायचा आणि म्हणायचा, धंदा म्हटला की एवढं चालायचंच.

अहिररावांच्या पोल्ट्रीचं मात्र वेगळं झालं. निफाडच्या पुढे त्यांची शेड, तीनशे फूट लांब, दोन्ही अंगांना जाळी आणि जाळीवर पडदे. तिकडची थंडी म्हणजे आधीच घरंदाज, तिच्यापुढे बाकीच्या गावांच्या थंड्या पाणी भरतील. निवृत्तीने छताला चार गॅस हीटर टांगले, बाहेर सिलिंडरची रांग जोडली, पाइपच्या प्रत्येक जोडावर साबणाचा फेस लावून कुठे बुडबुडा धरतो का ते पाहिलं. एकही धरला नाही. पायलट, म्हणजे हीटर चेतवणारे छोटे दिवे, पेटवले, ज्योती निळ्या झाल्या, पंखे फिरले, आणि दुपारपर्यंत शेड अशी तापली की अहिररावांनी अंगातली बंडी काढून खुंटीला लावली. मग टेम्पोतून पिल्लं आली. एका दिवसाची, पिवळीधमक, दहा हजार. ती भाताच्या तुसावर सारखी पसरली. पिल्लं घोळक्याने दाटली तर शेड थंड, भिंतीकडे पळाली तर शेड गरम, आणि सारखी पसरली तर काम झालं, हे हीटरवाल्याला थर्मामीटर न बघताही कळतं. अहिरराव खूश झाले आणि निवृत्तीला चहा पाजून त्यांनी घरी धाडलं.

घरी येऊन त्याने दार उघडलं, तर खोली तीनशे फूट लांब झालेली. थंडी आपली लांबी मागे ठेवून येत नाही. बाहेरून घर होतं तेवढंच होतं, शेजारच्या पिंपळाला चिकटून उभं. आत मात्र भिंती दूरवर गेल्या होत्या आणि अगदी पलीकडच्या टोकाला, एका दिव्याखाली, त्याच्या बायकोची बाज होती. वैजयंता बाळंतीण होती. नऊ वर्षं देवाधर्माला गाऱ्हाणी घालून झालेली लेक तिच्या कुशीत होती. दारातून दोघी मिळून मुंगीएवढ्या दिसत होत्या.

निवृत्ती चालत निघाला. वाटेत चूल लागली. चुलीपाशी त्याची सासू बसली होती. लेकीचं बाळंतपण करायला आलेली ही बाई तोंडाची फटकळ, पण मनाने चांगली.

"जावयबापू," ती म्हणाली, "पाहुणे आणायचे तर घर बघून आणावेत."

"मामी, मी नाही आणलं. ती आपणहून आली."

"मग तिला जा म्हणा. माझ्याच्यानं आता चुलीपासून बाजेपर्यंत डिंकाची पेज गरम पोचत नाही. अर्ध्या वाटेत गोठते."

तो बाजेपाशी पोचला. खाली शेगडी होती, निखारे लालभडक होते, मामींनी वर ओवा टाकला होता त्याचा धूरही येत होता. पण शेगडीवर हात धरला तर हाताला काही लागेना. निखारे नुसते दिसत होते. त्याने दुपट्यात हात घालून लेकीच्या पावलांना हात लावला. पावलं गार होती.

"मघापासून अशीच आहेत," वैजयंता म्हणाली. "छातीशी धरलं की जरा तापतात, परत गार. तुम्ही एवढे हीटरवाले. काहीतरी करा ना."

पुढच्या दिवसांत निवृत्ती दारापासून बाजेपर्यंत सायकलवर जाऊ लागला. लेक रडायची ते त्याला दारात उशिरा ऐकू यायचं, आणि तो पायडल मारत पोचेपर्यंत ती गप्प झालेली असायची. ती गप्प बसायला लागली याचंच त्याला जास्त भय वाटे. गावभर ऊब वाटत फिरणारा आपण, आणि आपल्याच लेकीची पावलं आपल्याला तापवता येत नाहीत, या विचाराने त्याला अन्न गोड लागेना.

त्याने घरात हीटर टांगला. काम चोख केलं. जोडांना फेस लावला, पायलट पेटवला, पायलटच्या ज्योतीत थर्मोकपलची काडी नीट बसवली. ही काडी तापली तरच गॅस पुढे चालू राहतो, नाहीतर आपोआप बंद होतो. काडी तापली. हीटर सुरू झाला. थंडी उठली, मुकाट्याने दाराबाहेर गेली, घराला वळसा घालून परत दारात आली आणि आत शिरली. त्याने पुन्हा हाकलली. ती पुन्हा वळसा घालून आली. हीटर बसवणाऱ्याच्या घरी जायचं एवढंच तिला ठाऊक होतं, आणि हा हीटरही त्यानेच बसवलेला. दोन सिलिंडर संपेपर्यंत ती घराभोवती फिरत होती. पिंपळाच्या त्या बाजूची पानं गळून पडली.

"मूळ धरल्याशिवाय हे जायचं नाही," मामी म्हणाल्या. "जिथनं आली तिथं जाऊन सांगा."

म्हणून तो अहिररावांकडे गेला. ते शेडच्या दारात पायातल्या चपला काढून आत जायच्या बेतात होते.

"भाऊसाहेब, हीटर एक दिवस बंद ठेवायचे. थंडी इकडे परत आली की माझं घर मोकळं होईल."

"एक दिवस? अरे, एक तास बंद ठेवलेस तर सगळी एकावर एक चढून गुदमरतील. दहा हजार जीव आहेत, निवृत्ती."

"माझ्या घरात एक आहे, भाऊसाहेब. तिची पावलं गार पडतात."

अहिरराव वाईट माणूस नव्हते. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी पडद्याची दोरी सोडून पुन्हा बांधली.

"मग तिलाच इकडं आण की," ते म्हणाले. "ऊब आहे, जागा आहे. शेडच्या मधोमध बाज टाकू. पोर चांगली गुटगुटीत झाली की ने. माझा टेम्पो घेऊन जा."

इतकी साधी गोष्ट आपल्याला आधी कशी सुचली नाही, असं निवृत्तीला वाटलं. टेम्पो चालवताना तो कितीतरी दिवसांनी गाणं गुणगुणला.

ओली बाळंतीण दाराबाहेर काढायला मामींची तयारी नव्हती. पण नातीची पावलं चाचपून पाहिली आणि त्यांनीच तिला दुपट्यात गुंडाळून दिलं. स्वतः मात्र आल्या नाहीत. "घर असं उघडं टाकून कसं चालेल? घरात थंडी आहे," त्या म्हणाल्या, आणि चुलीपाशी बसून राहिल्या. वैजयंता कान बांधून, लेकीला पदराखाली घेऊन टेम्पोत बसली.

शेडमध्ये पाऊल टाकताच ती थबकली. ऊब तिच्या तोंडावर आली. दहा हजार पिल्लांची चिवचिव एकदम तिच्याकडे वळली आणि पुन्हा आपल्या कामाला लागली. वैजयंता हसली. बाळंतपणानंतर ती पहिल्यांदाच अशी हसत होती, आणि निवृत्तीला भरून आलं. अहिररावांनी मधोमध बाज टाकली. लेकीला दुपट्यातून मोकळं केलं तशी ती हातपाय हलवू लागली. निवृत्तीने पावलांना हात लावला. कोमट होती.

"बघा," तो म्हणाला.

"बघते," वैजयंता म्हणाली. "आता आपलं घर इथंच."

तिने असं म्हणायला नको होतं. पण न म्हणती तरी काय फरक पडणार होता? जिथे बाज, तिथे घर. हे थंडीलाही कळतं. मामींना चकवून ती टेम्पोच्या चाकांच्या मागावरून निघालीच होती. दुपार कलण्याच्या आत ती पोचली. पूर्वेकडचा पडदा आत फुगला, मग पश्चिमेकडचा, आणि शेडमधून हाकललेली थंडी शेडमध्येच मुक्कामाला आली.

पहिला हीटर विझला. निवृत्ती शिडी लावून चढला. नॉब दाबून पायलट पेटवला, दाबून धरला, काडी तापेपर्यंत मनातल्या मनात मारुतीचं नाव घेतलं आणि नॉब सोडला. ज्योत गेली. त्याने काडी बदलली. ज्योत गेली. नोझल फुंकून साफ केलं, रेग्युलेटर पाहिला, तेवढ्यात मागे दुसरा हीटर विझला. पायलट धरेना. काडीला ज्योतीत ठेवून बोटाने चाचपलं तर ज्योत निळी आणि काडी गार. घरातल्या निखाऱ्यांसारखंच झालं होतं. गॅस जळत होता, पण ऊब लागत नव्हती. तिसरा विझला आणि चौथ्याचा पंखा दोन गिरक्या घेऊन थांबला.

चिवचिव वाढत गेली. शिडीवरून निवृत्तीने खाली पाहिलं. पिल्लं चालू लागली होती. एरवी ती कोपऱ्यात जाऊन दाटली असती, एकमेकांच्या पाठीवर चढली असती. तशी ती चढली नाहीत. दोन्ही टोकांकडून, तूस तुडवत, ती सगळी मधोमध टाकलेल्या बाजेकडे निघाली होती.

तो धडपडत उतरला. तो पोचेस्तोवर पिल्लं बाजेभोवती पोचली होती. काही बाजेवर चढली, वैजयंतेच्या मांडीवरून, हातांवरून पुढे गेली, आणि लेकीपासून वीतभर अंतरावर थांबली. तिच्याभोवती ती सारखी पसरली. आतलं वर्तुळ, मग बाहेरचं, मग त्याच्या बाहेरचं, पार पडद्यापर्यंत. कुठे दाटी नव्हती, कुठे रिकामी जागा नव्हती. काम झालं असलं की पिल्लं जशी पसरतात, तशीच ती पसरली. मग त्यांनी डोळे मिटून घेतले.

अहिरराव आले. त्यांनी खांबावरचा थर्मामीटर वाचला, पिल्लांकडे पाहिलं आणि सुस्कारा सोडला.

"झालं की काम," ते हळू आवाजात म्हणाले. "उगाच घाबरलास."

"भाऊसाहेब, हीटर बंद आहेत."

"असू देत. गॅस वाचला."

त्यांनी पत्र्याचं कडं आणलं. पिल्लांनी उबेपासून दूर भटकू नये म्हणून हीटरखाली लावतात ते. ते त्यांनी बाजेभोवती गोल उभं केलं आणि दोन टोकांना तारेने पीळ दिला. पीळ देताना ते वैजयंतेला म्हणाले, "वहिनी, तुम्ही जरा बाहेर व्हा. तुमची सावली पडते." ती उठली नाही, तरी कशी कोण जाणे कड्याच्या बाहेर उभी होती.

"आता हिला हलवू नका," अहिरराव म्हणाले, आणि पडदे आवळायला निघून गेले.

निवृत्ती कड्यापाशी वाकला. लेक जागी होती, वर छताकडे बघत होती. तिचे गाल लाल होते. तिच्या अंगाखालच्या दुपट्याची कड मात्र पांढरी झाली होती. त्याने नखाने खरवडलं. हिम होतं. जोरात गॅस ओढला की सिलिंडरला बुडापासून असंच हिम धरतं, आणि आतला गॅस सरेल तसं ते खाली खाली उतरतं. ते कुठवर आहे यावरून आत किती उरलंय ते कळतं. दुपट्याची कड पांढरी होती, आणि तिच्या वर जेमतेम चार बोटं उंचीपर्यंतच हिम होतं.

"अहो," वैजयंता पत्र्यापलीकडून म्हणाली, "उचला तिला."

"हो," निवृत्ती म्हणाला. त्याने लेकीकडे हात नेला. वीतभरावर त्याच्या बोटांना ऊब लागली. ती बोटांतून मनगटात आली, मनगटातून कोपरात. आपण किती दिवसांपासून गारठलो होतो हे त्याला आत्ता कळलं, आणि त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. एक पिल्लू झोपेतच त्याच्या मनगटाला टेकलं. त्याने हात तसाच राहू दिला.

"उचलताय ना?"

"उचलतो की," निवृत्ती म्हणाला, आणि त्याने दुसराही हात शेकायला पुढे धरला.