मी तुटलो नाही

मित्रांनो, मी एक जुना दोर आहे. दोर म्हटलं की तुम्हाला कपडे वाळत घालायची दोरी आठवणार. आठवू द्या, त्याचं मला वाईट वाटत नाही. पण मी माणसाला झाडावर नेणारा दोर होतो. आता नागपुरातल्या एका टिनाच्या घरात, खाटेच्या वर, छपराच्या पाईपला लटकतो आहे. खाटेवर जो माणूस पडून आहे त्याने मला विकत आणलं होतं. तो माझ्याकडे बघतसुद्धा नाही.

माझा जन्म कारखान्यातला. नायलॉनचे तीन पेड एकमेकांत पिळून मला घडवलं आणि इतवारीतल्या एका दुकानात वेटोळं करून टांगलं. तिथे मनोहरराव आले. त्यांनी मला आधी या टोकापासून त्या टोकापर्यंत मुठीतून काढलं, गाठ मारून पाहिली, सोडून पाहिली, आणि मग दुकानदाराकडे वळले. इतक्या आपुलकीने मला तोवर कोणी हात लावला नव्हता. त्या क्षणी मी त्यांचा झालो.

मनोहरराव झाडं छाटायचे. तारांवर आलेल्या फांद्या, घरावर कललेली वाळकी झाडं, असली कामं मधुसूदन नावाचा ठेकेदार घ्यायचा आणि मनोहरराव करायचे. कितीही घाई असो, त्यांची एक रीत होती. वर पोचलं की आधी डोक्यावरच्या जाड बेचक्यात मला बांधायचं, दुसरीकडे कमरपट्ट्याला अडकवायचं, आणि मगच करवतीला हात घालायचा. माझं उरलेलं टोक खाली धर्मेंद्रच्या हातात असे. धर्मेंद्र त्यांच्या बहिणीचा मुलगा, उमरेडकडचा, दोन लेकरांचा बाप. वरून मामाची हाक आल्याशिवाय तो मला वीतभरही ढील देत नसे.

काय ते दिवस होते, मित्रांनो! धरमपेठेतल्या कडूनिंबांवर, गुलमोहरांवर मी किती वेळा चढलो असेन. एकदा फांदी अवचित मोडली आणि मनोहरराव घसरले. मी कचकन ताणलो आणि त्यांना हवेतच धरलं. खाली येऊन ते कितीतरी वेळ माझ्यावरून हात फिरवत बसले. घरी ते मला ओल्या फडक्याने पुसत, सावलीत वाळवत. मला कोणी ओलांडून गेलं की त्यांचा पारा चढे. त्यांच्या बायकोला, पंचफुलाबाईंना, मी जवळजवळ सवतच वाटत असेन.

आणि मग ती गाडी आली.

तुम्ही रस्त्यावर पाहिली असेल. ट्रकवर लांब लोखंडी हात, हाताच्या टोकाला टोपली, टोपलीत उभा माणूस. सगळे तिला बकेटची गाडी म्हणतात. मधुसूदनने ती आणली त्या दिवशी चहाच्या टपरीवर मामा-भाच्यांची चांगलीच जुंपली.

"झाडावर पाय ठेवला का झाड सांगते गा, कोठं पोकळ हाय, कोठं सडलं हाय," मनोहरराव म्हणाले. "त्या टोपल्यातून काय समजते? नुसते पानं दिसते."

"मामा, तुमचे गुडघे पहा आधी! जिना चढतानी कण्हून राहता तुम्ही. गाडीत ना चढाचं, ना लटकाचं. मले रोज संध्याकाळी घरी जाचं हाय, पोट्टे वाट पाहते."

"मी नाई गेलो का घरी इतके वर्षं?"

"गेले. पण मामीले विचारा, थे दिवसभर कशी राहाची!"

मला राग आला होता धर्मेंद्रचा, खोटं कशाला बोलू. पण त्याचं म्हणणं मायेचं होतं आणि खरंही होतं. गाडीने दिवसाचं काम तासावर आलं, आणि ठेकेदाराने सांगून टाकलं की यापुढे सगळी छाटणी गाडीतूनच. टोपली वर-खाली करणारे गाडीचे दांडे धर्मेंद्र झटकन शिकला. मनोहररावांना ते काही जमेना. म्हणून धर्मेंद्र खाली दांड्यांपाशी आणि मनोहरराव वर टोपलीत, अशी कामाची वाटणी झाली. मला ट्रकच्या मागच्या पेटीत टाकलं. तिथे डिझेलचा वास, नट आवळायचे गंजके पाने आणि मी. फांद्या ओढायला मला वापरू लागले. येणारा-जाणारा मला तुडवून जाई.

पहिल्यांदा मनोहरराव टोपलीतून वर गेले. झाडाच्या शेंड्यावर वाऱ्यात डुलताना न घाबरणारा माणूस, पण टोपली जराशी हलली आणि त्यांनी डोळे मिटून कठडा धरला. तिथे त्यांच्या ओळखीचं असं धरायला काहीच नव्हतं. खाली मात्र हशा पिकला. "मामा, पाळण्यात भेव लागते का गा?" धर्मेंद्र ओरडला. पोरंटोरं हसली, ठेकेदार हसला. मनोहररावही कसनुसं हसले.

दुसऱ्या दिवशी, कोणी नाही असं बघून, त्यांनी मला पेटीतून काढलं आणि शर्टाच्या आत कमरेभोवती गुंडाळलं. वर गेल्यावर, पानांच्या आड, हलकेच मला बेचक्यात बांधलं आणि कमरपट्ट्याला अडकवलं. टोपलीचा पट्टा तर त्यांना लावावाच लागे, तोही होता. मला बांधताच त्यांचा जीव भांड्यात पडला, हात पहिल्यासारखे चालू लागले. मित्रांनो, मला किती आनंद झाला म्हणून सांगू! एवढी मोठी गाडी आली, पण त्यांना मीच लागत होतो. काम संपलं की ते मला सोडून पुन्हा शर्टात लपवत आणि मगच खाली यायचा इशारा करत. असे बरेच दिवस गेले. कोणाला पत्ता लागला नाही.

ती मे महिन्यातली दुपार होती. पावसाळ्याआधीच्या छाटणीची नुसती धांदल उडाली होती. एका जुन्या कडूनिंबाची मोठी फांदी कापून पडली. वर मनोहररावांनी घाम पुसला आणि माझी गाठ सोडायला हात घातला. ताणाने मी आवळलो होतो की त्यांचीच बोटं थकली होती, कोण जाणे, गाठ लवकर सुटेना. खाली इंजिनच्या आवाजात हाक मारण्याची सवय केव्हाच गेली होती. फांदी पडली, म्हणजे काम झालं, असं समजून धर्मेंद्रने इशाऱ्याआधीच दांडा ओढला.

टोपली खाली निघाली. मनोहरराव एका पट्ट्याने टोपलीला बांधलेले होते आणि माझ्यामुळे झाडाला. ते ओरडले. पण लोखंडाला कान नसतात आणि धर्मेंद्रला ऐकू गेलं नाही. मी ताणलो. पेड न् पेड कळवळला. जन्मभर मला एकच गोष्ट शिकवली होती, धरून ठेवायचं. त्या वेळी मी देवाला दुसरंच मागत होतो. तुटू दे. एकदाच तुटू दे. पण मी तुटलो नाही. त्यांच्या कमरेत काहीतरी कडकडलं, मग टोपलीचा पट्टा निसटला आणि ते माझ्यावर लोंबकळत राहिले. करवत खाली पडली तेव्हा कुठे धर्मेंद्रने वर पाहिलं.

गर्दी जमली. लोक म्हणाले, "दोर मजबूत होता म्हणून वाचला बिचारा." एवढं कौतुक माझ्या वाट्याला कधी आलं नव्हतं. ते ऐकून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दवाखान्यातून मनोहरराव परत आले ते कमरेखाली लाकूड होऊन. टपरीवर अजून वाद चालतो म्हणे. कोणी गाडीला नावं ठेवतं, कोणी दोराला. माझं विचाराल तर ज्याने त्याने आपल्या परीने जीव राखायचाच प्रयत्न केला. त्यातूनच हे झालं, आणि म्हणूनच ते सहन होत नाही. ज्याच्यावर रागवावं असंही कोणी उरलं नाही.

डॉक्टरांनी सांगितलं की खाटेच्या वर दोर बांधा, धरून उठून बसता येईल. घरात मीच होतो. "धरा ना जी जरासं," पंचफुलाबाई रोज विनवतात. ते भिंतीकडे तोंड करतात.

परवा धर्मेंद्र आला. इतके महिने तो दारातूनच परत जायचा, परवा खाटेपाशी बसला. मग रडत म्हणाला, "मामा, एकदा तरी सांगाचं होतं ना मले, का दोर बांधून राहिलो म्हणून. मी दांड्याले हात नसता लावला. काहून नाई सांगितलं?"

मनोहरराव भिंतीकडे बघतच म्हणाले, "तू हासला असता गा."

मित्रांनो, नायलॉन सहजी कुजत नाही. मी इथे असाच लटकत राहीन. माझी काळजी घ्या असं मी म्हणणार नाही, माझं आता काय व्हायचं राहिलं आहे? पण तुमच्या घरात, तुमच्या सोबत्यांत कोणी कधी म्हणालं की मला भीती वाटते, तर तेवढं हसू नका. 'नसतो हसलो' असं परवा धर्मेंद्रलाही म्हणता आलं नाही. मान खाली घालून तो तसाच बसून राहिला, आणि पंचफुलाबाईंनी आणलेला चहा दोघांच्या मध्ये निवून गेला.