दुपारचा खळगा

निबंध मागे घेतला गेला आणि प्रशिक्षणाची जागा 'लंबक' या टोपणनावाच्या सहकाऱ्याला मिळाली. पण असं काही घडलंच नाही, असं वेधशाळेत सगळ्यांनी ठरवून टाकलं आहे. तेव्हा आपणही तसंच धरून चालू, आणि त्या दुपारी निबंध लिहिणारी ती चपला हातात घेऊन तळघराच्या पायऱ्या उतरत होती तिथून सुरुवात करू.

तळघरात आवाज करत चालायला मनाई होती. तिथे सिमेंटच्या चौथऱ्यावर बसवलेलं यंत्र पृथ्वीची ओढ मोजायचं, आणि ते नव्या जावयापेक्षा हळवं होतं. चंद्र डोक्यावर आला की त्याला कळायचं, हवेचा दाब बदलला की कळायचं, लांबच्या समुद्राची भरती-ओहोटीसुद्धा इथे बसल्या जागी कळायची. हे सगळं आकड्यांतून वजा करायचं. मग जे उरेल ते विज्ञान.

तिच्या आकड्यांत एक खळगा उरला होता. रोज दुपारी, जेवणाची वेळ टळली की ओढ केसाच्याही केसाएवढी कमी व्हायची आणि थोड्या वेळाने पूर्ववत. सुट्टीच्या दिवशी मात्र नाही. वर्षभर डोकं खाजवून तिने उत्तर काढलं होतं: भिंतीपलीकडचा कारखाना दुपारी जमिनीतलं पाणी उपसतो. पाणी गेलं की खालचं वजन घटतं, म्हणून ओढ घटते. सुट्टीला कारखाना बंद, खळगाही बंद. शिवाय खळगा महिन्यामहिन्याने उथळ होत चालला होता, म्हणजे उपसा कमी होतोय. निबंधाचा शेवट तिने त्याच आनंदाच्या वाक्याने केला होता.

निबंध आंतरराष्ट्रीय गुरुत्व सभेने स्वीकारला. सभेला जोडूनच प्रशिक्षण होतं. ही यंत्रं ज्यांनी घडवली त्यांच्या हाताखाली सहा आठवडे, आणि जागा फक्त सभेत निबंध वाचणाऱ्याला. नोकरीला लागल्यापासून तिला दुसरं काही नको होतं. तिने चाकांची बॅगसुद्धा घेतली होती आणि अधूनमधून ती घरातल्या घरात ओढून बघायची.

आणि गेल्या आठवड्यात खळगा गायब झाला. कारखान्याचं धुराडं मात्र रोज धूर ओकत होतं.

"सापडला का?" मागून वेधशाळेच्या प्रमुख बाई उतरल्या. त्यांच्याही चपला त्यांच्या हातात होत्या.

"नाही."

"म्हणजे कारखान्याने उपसा थांबवला."

"मी सकाळी फोन केला होता त्यांना. ते म्हणाले, आम्ही उपसा करतच नाही. नळाचं पाणी वापरतो, पहिल्यापासून."

बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"हे निबंध पाठवण्याआधी विचारता आलं असतं."

"आकडे इतके छान जुळत होते, बाई."

"छान जुळतात तेव्हाच विचारायचं असतं."

तेवढ्यात पडद्यावरची रेष हळूच खाली वळली. आठवडाभर न फिरकलेला तो खळगा जणू काही झालंच नाही अशा थाटात परत आला. दोघी बघत राहिल्या. मग बाईंनी मान वर केली आणि छताकडे पाहिलं.

"खालचं काही गेलं तरी ओढ कमी होते," त्या सावकाश म्हणाल्या, "आणि वर काही येऊन बसलं तरी. यंत्राला दोन्ही सारखंच. वर काय आहे?"

"जुनी गणकखोली. आता अडगळ आहे."

एवढं बोलून तिने चपला तिथेच टाकल्या आणि ती अनवाणीच वर गेली.

गणकखोलीत गुंडाळलेले नकाशे होते, पाय मोडलेली स्टुलं होती आणि बरोबर मधोमध, यंत्राच्या अगदी डोक्यावर, एका लाकडी खुर्चीत तिचे बाबा घोरत होते.

रोज दुपारी बाबा तिचा डबा आणून तिच्या टेबलावर ठेवायचे आणि घरी जायचे. निदान ती तसं समजत होती. गेला आठवडाभर ते आत्याकडे गेले होते आणि तिने वेधशाळेच्या उपाहारगृहात खाल्लं होतं. सुट्टीच्या दिवशी अर्थातच डबा नसायचा. ती दारातच उभी राहिली. सगळं जुळत होतं. कारखान्यापेक्षा छान जुळत होतं.

"बाबा."

"झोपलो नव्हतो," बाबा डोळे न उघडता म्हणाले.

"मग काय करत होता?"

"विचार."

"घोरत?"

"खोल विचार होता, ठमे."

ती एका धड स्टुलावर बसली. ही खोली आईची. यंत्रं स्वतः हिशेब करायला लागायच्या आधी इथे माणसं बसून आकडेमोड करायची, आणि आई गेली त्या वर्षापर्यंत तिची खुर्ची इथून हललेली नव्हती. अजूनही हललेली नव्हती.

"कधीपासून येता इथे?"

"तुझ्या आईने उभा जन्म मला फाटकावर उभं केलं. आत परक्यांना सोडत नाहीत म्हणे. मी सायकल धरून उभा, छत्री धरून उभा. आता पहारेकरी स्वतःच म्हणतो, या साहेब. मग म्हटलं, बघावं एकदा, ही बाई दिवसभर बसायची कुठे." त्यांनी खुर्चीच्या हातावर थोपटलं. "खुर्ची बरी निघाली."

"बाबा, मी तुम्हाला पंप समजले."

मग तिने त्यांना सगळं सांगितलं. खळगा, कारखाना, पाणी, सभा. बाबा लक्ष देऊन ऐकत होते. एखाद्याचा सत्कार चालू असावा तसा त्यांचा चेहरा होत गेला.

"म्हणजे मी बसलो की पृथ्वीची ओढ कमी होते?"

"अगदी किंचित."

"किंचित का होईना. आणि निबंधात आहे मी?"

"आहात. कारखाना म्हणून."

"मग अडलं कुठे? मी बसतो ना, तुझी सभा होईपर्यंत. अगदी कारखान्यासारखा बसतो. सुट्टीला येणार नाही. कोण येतंय इथे बघायला?"

तिला हसू फुटलं. खरंच कोण येणार होतं? घरी बॅग दाराशी उभी होती, निबंध छापायला गेला होता, आणि कारखाना वेळेचा पक्का होता. हसता हसता तिला निबंधाचं शेवटचं वाक्य आठवलं. खळगा महिन्यामहिन्याने उथळ होत चालला आहे.

तिने बाबांकडे नीट पाहिलं. रोज बघत होती, पण असं नाही. पट्ट्याला खिळ्याने पाडलेलं एक नवं भोक होतं, त्याच्या आत आणखी एक, आणि उरलेला पट्टा जिभेसारखा लोंबत होता. सदरा त्यांचाच होता, पण कुणीतरी मागून आणल्यासारखा दिसत होता.

"बाबा, तुम्ही जेवलात?"

"डबा तुझ्या टेबलावर ठेवलाय."

"तो माझ्यासाठी. तुमचं काय?"

"होतं घरी काहीतरी."

"काय होतं?"

बाबांनी खिडकीकडे पाहिलं. खिडकीला नकाशे टेकवलेले होते, त्यामुळे बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं.

"एकट्यापुरतं कोण करत बसतं, ठमे."

ती टेबलावरचा डबा घेऊन आली. झाकणात बाबांसाठी अर्धं काढलं आणि ते खाऊन संपेपर्यंत समोर बसून राहिली. बाबांनी पंप असल्यासारखी कुरकुर केली, पण खाल्लं.

संध्याकाळी तिने बाईंना सगळं सांगितलं. पट्ट्याचं सोडून.

"नियमाप्रमाणे यंत्राच्या वरची खोली रिकामी करून कुलूप लावायला हवं," बाई म्हणाल्या.

"लावायचं का?"

बाईंनी टेबलावरचा किल्ल्यांचा जुडगा उचलला, खणात टाकला आणि खण बंद केला.

"किल्ली सापडत नाहीये. निबंधाचं काय करतेस?"

"मागे घेते. त्यातली चूक तेवढी सापडलीये."

लंबक म्हणजे तिचा सहकारी, उंच, आणि कुठल्याही प्रश्नावर होकार-नकाराच्या मध्ये झुलणारा. त्याचा निबंध राखीव यादीत होता. बातमी ऐकून तो तिच्या दाराशी येऊन बराच वेळ झुलला.

"बॅग आहे का तुझ्याकडे?" तिनेच विचारलं.

"आहे. म्हणजे, तशी नाही."

"माझी ने. चाकं चांगली फिरतात. मी बघितली आहेत."

आता दुपारी गणकखोलीत दोन डबे उघडतात आणि खळगा पूर्वीपेक्षा खोल दिसतो. त्यातून ती आधी स्वतःला वजा करते, तिचं वजन तिला पाठ आहे. उरतात ते बाबा. ती रेष ती रोज बघते, चंद्र आणि समुद्राच्याही आधी.

सभेच्या समितीला तिने निबंध मागे घेतल्याचं रीतसर कळवलं. खाली एक परिच्छेद जोडला. बाईंनी तो दोनदा वाचला आणि काहीही न खोडता शिफारशीची सही केली:

"प्रस्तुत विक्षेपाचा स्रोत वेधशाळेच्या आवारातच असल्याचे आढळले असून तो हटवणे शक्य नाही. सबब, चंद्र, हवेचा दाब व भरती-ओहोटी यांच्या बरोबरीने 'वडील' ही कायम दुरुस्ती मान्य करण्यात यावी, आणि सदर वस्तुमान यापुढे घटणार नाही याची आपल्या स्तरावरून लेखी हमी मिळावी, ही विनंती."