कोपरावरचं ठिगळ

बायकोनूरच्या संग्रहालयात जुन्या चित्रफितींचे डबे निघाले की सावेली पेत्रोविचला बोलावणं जायचंच. त्या काळी सगळाच गुपिताचा मामला, त्यामुळे डब्यांवर ना नाव ना साल. पण सावेलीनं उभी हयात उड्डाणतळावर काढलेली. धुरातून रॉकेटचा नुसता खांदा दिसला तरी ते कोणतं नि कधीचं हे सांगून तो मोकळा व्हायचा, आणि वर चहाही मागायचा.

आज मात्र कापितोलिना त्याच्या आधीच येऊन बसली होती. तिचा नवरा इल्या हा सावेलीचा जिवलग दोस्त. भर उन्हाळ्यात तळावर जाताना ट्रक उलटून तो गेला, त्याला साठ वर्षं होत आली. तळावर फोटोला बंदी, म्हणून कामावरचा इल्या तिनं कधी पाहिलाच नव्हता.

"किती वाट बघायची रे तुझी!" ती म्हणाली. "शोल्पान, लाव गं पुन्हा."

संग्रहालयातल्या शोल्पाननं फीत सुरू केली. बर्फात रॉकेट उभं होतं. पायथ्याशी कापसाच्या जाड डगल्यातला एक जण पाठमोरा. तो क्षणभर वळला. टोपीखाली तोंड धूसर, पण हसतोय एवढं कळत होतं.

"कोपरावरचं ठिगळ बघ! एकदाच घरी आणला होता डगला. मी पडद्याचं फुलाफुलांचं कापड लावलं, तर केवढा चिडला होता!" कापितोलिना हसता हसता रडायलाच लागली.

"आगाय, रॉकेट कोणतं लिहू?" वडीलधाऱ्याला कझाखमध्ये म्हणतात तसं म्हणत शोल्पाननं सावेलीला विचारलं.

सावेलीची नजर वर गेली. रॉकेटच्या वरच्या भागातला, लोखंडी जाळीवर बसवलेला टप्पा लांब होता. इल्या होता तोवर तिथं आखूडच टप्पा बसायचा. लांब आला तो इल्या गेल्यानंतरच्या हिवाळ्यात.

"कापितोलिना, हे... हे नंतरचं रॉकेट आहे गं."

"तुझं लोखंड तुझ्यापाशी ठेव! टाके मी घातलेत."

टाके तिचेच होते. डगलाही इल्याचाच. गेलेल्याचा डगला त्याच्या जोडीदारानं वापरायचा, ही त्यांच्या टोळीची रीत. पहिल्या थंडीत मुकादमानं तो खुंटीवरून काढून सावेलीच्या खांद्यावर टाकला होता. हे तिला सांगायचा धीर कुणालाच झाला नाही, आणि सावेलीला तर नाहीच नाही.

दोस्त जाऊन सहा महिनेही झाले नव्हते, आणि त्याचाच डगला घालून आपण एवढे दात कशाला काढत होतो, ते त्याला काही केल्या आठवेना. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तोंड उघडावं तर तिचा इल्या हातचा जाणार.

"पण तू कुठे दिसत नाहीस रे यात?" डोळे पुसत तिनं विचारलं. "तुम्ही दोघं तर सदा बरोबर असायचात."

"मी नव्हतो त्या दिवशी," सावेली म्हणाला.

"अरेरे!" तिनं खुर्ची सरकवून त्याला जागा करून दिली. "मग ये, असा पुढे बस. तूही बघून घे त्याला डोळे भरून."