कडुबाच्या जागी उभं राहून

आमचे हे, म्हणजे प्राध्यापक सदाशिवराव, तत्त्वज्ञान शिकवून निवृत्त झाले. ऐकणाऱ्यांची सुटका मात्र झाली नाही. काल क्रांती चौकाजवळच्या व्याख्यानमालेत ‘नीती सापेक्ष असते’ असं दीड तास सांगून शाल-श्रीफळ घेऊन आले. नारळाची मी आज चटणी वाटली.

सकाळी आमच्याकडे पोळ्या करणारी आशाबाई हात पुसत त्यांच्यासमोर उभी राहिली. चार महिन्यांपूर्वी तिच्या दिरानं, कडुबानं, तिच्या लेकीला, ऋतुजाला, लासूर स्टेशनकडच्या शेतातल्या विहिरीत ढकललं. परजातीतल्या पोराशी लग्न केलं म्हणून. त्याच्या आठ दिवस आधी हाच कडुबा आमच्या मागच्या दारात येऊन ओरडून गेला होता, “पोरगी जिती ठेवनार नाय!” आता म्हणतो, तिचा पाय घसरला.

“साहेब, तुमी ऐकलं व्हतं. कोर्टात तेवढंच सांगा. ऐकनारं घराबाहेरचं कुनी पुढं आलं नाय तर तो सुटंल, म्हनतो वकील.”

यांनी चष्मा पुसायला घेतला. हे चष्मा पुसू लागले की समजावं, आता कुणाचं तरी वाटोळं होणार.

“आशाबाई, तुमचं दुःख मी समजतो. पण जरा कडुबाच्या जागी उभं राहून बघा. त्याच्या जगात इज्जत हीच नीती. आपल्या मापानं त्याला मोजणं हीसुद्धा एक हिंसाच.”

माझ्या अंगाची लाहीलाही झाली. भाजीत मीठ जास्त पडलं तर हा माणूस तीन दिवस बोलत नाही. तेव्हा कुठं जाते ती सापेक्षता?

“त्याच्या जागी कसं उभं ऱ्हाऊ साहेब?” आशाबाई म्हणाली. “तिथून खाली पानी दिसतं, अन् पान्यात माझी ऋतू.”

यांनी पेपर उघडला.

मी पदर खोचला. “वकिलाकडे मी येते, आशाबाई. त्या दिवशी मी ओट्यापाशीच होते. शब्दन्‌शब्द ऐकलाय.”

“भानुमती, विचार कर,” पेपरामागून आवाज आला.

चार महिने तेच तर केलं होतं. यांच्याआधी तोंड उघडायचं नाही, ही आमच्या घरची रीत, आणि मी मेली तिला संस्कार म्हणत बसले.

मला वाटलं, आशाबाई हात धरेल, निदान रडेल तरी. तिनं परातीतली कणीक झाकली.

“तुमी ऐकलं ते ठाव हाय मला, बाई,” ती म्हणाली. “रोज पोळ्या लाटताना वाट बघत व्हते, तुमी कधी बोलता त्याची.”