त्रेसष्टव्या अंकातली आठ पानं

जागल्याच्या डाव्या गालावर व्रण आहे आणि त्याची पोलादी मूठ उजवी आहे. एवढंही ज्याला माहीत नाही त्याच्याशी आमच्या मंडळात कुणी वाद घालत नाही. हसणाऱ्यांनी खुशाल हसावं. जाडजाड ग्रंथांवरून एकमेकांची अब्रू काढणारे विद्वान मी पाहिलेत. त्यांतल्या निम्म्यांनी तो ग्रंथ उघडलेलाही नसतो. आम्ही निदान जागल्याच्या चित्रकथेचे दोनशे अकरा अंक वाचून भांडतो.

मंडळ म्हणजे चार टाळकी. दर आठवड्याच्या सुट्टीला शिंपीणताईच्या दुकानात, मागच्या खोलीत, कापडाच्या ठाणांवर आमची बैठक. शिंपीणताई पन्नाशीची, तोंडात कायम दोन टाचण्या, त्यामुळे तिचं बोलणं दातांच्या फटीतून येतं. मास्तर गणित शिकवतात आणि माणसांनाही गणितासारखंच तपासतात. कंपाउंडर औषधांच्या दुकानात असतो. चौथा मी, वेल्डर. सातवीनंतर शाळेने मला सोडलं आणि जागल्याने धरलं. वाचायला मला त्याने शिकवलं, कुठल्या सरकारने नाही.

शहराला झोप लागावी म्हणून जागल्या स्वतः कधीच झोपत नाही. एवढीच त्याची ताकद आणि एक पोलादी मूठ. अंक बंद होऊन पंचवीसेक वर्षं झाली. आता आम्ही त्याचा कालक्रम लिहायला घेतला होता: कोण कधी जन्मलं, कधी मेलं आणि मेल्यावर परत कसं आलं. मास्तर लिहिणार, आम्ही वर्गणी काढून शंभर प्रती छापणार.

काम सोपं नव्हतं. अठराव्या अंकात जागल्याची आई मरते आणि सव्विसाव्यात तीच त्याला दार उघडते.

"मावशी असेल," कंपाउंडर म्हणाला.

"मावशीला तो आई म्हणेल का?" मास्तर.

"माझा भाऊ म्हणतो. आईला काहीच म्हणत नाही."

झालं, मावशी ठरली. अशा शेकडो गाठी आम्ही सोडवल्या. एकच सुटेना. अंक त्रेसष्ट, पान नऊ ते सोळा.

त्या आठ पानांत व्रण उजव्या गालावर आहे आणि पोलादी मूठ डावी. तेवढंच असतं तर चित्रकाराचं डोकं ठिकाणावर नव्हतं म्हणून सोडून दिलं असतं. पण त्या पानांवर जागल्या वेगळंच बोलतो. बाराव्या पानावर शत्रूला भिंतीशी दाबून धरतो आणि म्हणतो, "मी थकलोय. मला आता झोपायचंय." जागल्या आणि झोप? त्या महिन्यात वाचकांनी पत्रं लिहून छापखान्याचं दार बुजवलं म्हणतात. हा जागल्या नव्हेच, दुसराच कुणीतरी आहे, असा गलका झाला. शेवटी सत्तराव्या अंकात कंपनीने तो दुसरा खरोखरच आणला. आरशातून आलेला, डावखुरा, झोप लागणारा. नाव उलट्या. पुढे त्याचे जागल्याइतकेच चाहते झाले. शिंपीणताई त्यांतली पहिली.

मास्तरांना हे पटत नव्हतं. सत्तरपासूनचा उलट्या त्यांना मान्य होता, पण त्रेसष्टची पानं म्हणजे छपाईची चूक, ती कालक्रमात नकोत. ताई म्हणायची, तीच तर उलट्याची खरी पानं, ती काढली तर त्याला जन्मच उरत नाही. चार महिने हे चाललं होतं. शेवटचे तीन महिने मी मध्ये पडत नव्हतो. वादात मी कधी गप्प बसत नाही, त्यामुळे कंपाउंडरने दोनदा माझ्या कपाळाला हात लावून ताप पाहिला.

एका बैठकीला मास्तर लिहूनच घेऊन आले आणि मोठ्याने वाचू लागले. "अंक त्रेसष्ट, पाने नऊ ते सोळा. छापखान्यातील कुणा गचाळ, बेजबाबदार कारागिराच्या हातून चूक होऊन उलटी छापली गेली. कथेत धरू नयेत."

"गचाळ काढा," मी म्हणालो.

"का? गचाळच काम आहे."

"काढा म्हणतोय ना."

"वेल्डर, तुला काय एवढं लागलंय? तो मूर्ख तुझा कोण लागतो?"

"बाप," मी म्हणालो. "तो मूर्ख माझा बाप आहे. आता पुन्हा म्हणा."

शिंपीणताईने तोंडातल्या टाचण्या काढून हातात घेतल्या. मास्तरांनी चष्मा काढला. कंपाउंडर ठाणावरून उठला आणि परत बसला.

मलाही हे तीन महिन्यांपूर्वीच कळलं होतं. लहानपणी आमच्या घरात जागल्याला बंदी होती. अंक सापडला की बाबा फाडायचे नाहीत, मारायचे नाहीत, फक्त उचलून शेजाऱ्यांकडे देऊन टाकायचे आणि दिवसभर कुणाशी बोलायचे नाहीत. आम्हाला वाटायचं, त्यांना चित्रांचा राग आहे. मी चोरून वाचत मोठा झालो. ते पावाच्या गाडीवर होते, तीस वर्षं. त्याआधी काय करत होते हे आई सांगायची नाही आणि आम्ही विचारायचो नाही. मग एकदा मी त्रेसष्टवा अंक टेबलावर विसरलो. बाबा त्याच्यासमोर बसून राहिले. मी आत आलो तर म्हणाले, "यातली आठ पानं मी उलटी लावली. छापखान्यात अकरा वर्षं झाली होती. दुसऱ्या दिवशी मला सगळ्यांसमोर कामावरून काढलं." एवढंच. मग पाणी प्यायला उठले.

चाळीस वर्षं एक माणूस आठ पानांखाली दबून राहिला, आणि ती शिवी हे लोक आता पुस्तकात छापणार होते. पुन्हा शंभर प्रती. मला तेवढंच नको होतं. उलट्या जगो, मरो.

"त्यांना घेऊन ये," शिंपीणताई म्हणाली.

"तमाशाला?"

"मी बोलावतेय म्हणून सांग. तमाशा कुणी केला तर माझ्या दुकानात कात्र्या भरपूर आहेत." हे मास्तरांकडे बघून.

घरी गेलो तर बाबा बातम्या बघत होते.

"मी बोलून बसलो," मी म्हणालो. "त्रेसष्टचं."

त्यांनी आवाज कमी केला. "किती जणांसमोर?"

"तिघांसमोर."

"शिव्या घातल्या?"

"मास्तरांनी. वहीत गचाळ, बेजबाबदार लिहिलं, तुम्ही कोण ते माहीत नसताना."

"बरोबरच घातल्या असतील."

माझं डोकं या बोलण्यानेच फिरतं. ज्या मालकाने एका चुकीसाठी अकरा वर्षांचं काम गटारात टाकलं त्याच्याबद्दल हा माणूस कधी वावगा शब्द बोलला नाही. मी बोललो. बराच वेळ बोललो, ते सगळं इथे लिहिण्याजोगं नाही. बाबांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "बाई कशाला बोलावतात?"

"सांगत नाही."

"मग जायला लागेल."

पुढच्या सुट्टीला ते माझ्या आधी तयार होते. इस्त्रीचा शर्ट, केस ओले करून मागे बसवलेले. नोकरी मागायला निघाल्यासारखे. मला ते बघवेना.

दुकानात ताईने त्यांना शिलाई मशीनची खुर्ची दिली. अंक समोर ठेवला. बाबांनी खिशातून एक छोटं भिंग काढलं. असं काही आमच्या घरात आहे हे मला माहीतच नव्हतं. त्यांनी पान नऊ पाहिलं, दहा पाहिलं, सोळापर्यंत एकेक चौकट पाहिली. आम्ही चौघं तोंडं मिटून बसलो होतो. आमच्या मंडळात हे पूर्वी कधी घडलं नव्हतं.

"रेषा मात्र स्वच्छ आल्यात," ते म्हणाले.

मास्तरांना राहवलं नाही. "काका, पण हे झालं कसं? पान उलटं झालं तर अक्षरंही उलटी दिसायला हवीत. ती तर सरळ आहेत."

"अंक दोन भाषांत निघायचा," बाबा म्हणाले. "म्हणून चित्रांची फिल्म वेगळी आणि बोलण्याच्या फुग्यांची वेगळी. भाषा बदलली की फुग्यांचीच फिल्म बदलायची. फिल्मला एक चकचकीत बाजू असते, एक मंद. मंद बाजू खाली घालायची. मी चित्रांची फिल्म पालथी घातली, फुग्यांची सरळ. चित्रं आरशात गेली, फुगे जागच्या जागी राहिले."

मास्तर एकदम पुढे सरकले. "म्हणजे फुग्यांची शेपटं..."

"चुकीच्या माणसाकडे वळली. 'मला झोपायचंय' हे शत्रूचं वाक्य. ते तुमच्या जागल्याच्या तोंडी गेलं."

कंपाउंडर हळूच म्हणाला, "अरे देवा. आणि मी त्या वाक्यावर रडलोय."

"पण पालथी घातली कशी? अकरा वर्षं काम केलेल्या माणसाने?" मास्तर सोडणारे नव्हते.

"भूक लागली होती," बाबा म्हणाले. "डबा समोर होता. म्हटलं, आठ पानं उरकून बसू. दुसरं काही कारण नाही. फुग्यांच्या कडेला चित्राच्या रेषा घुसत होत्या, तेव्हा तरी कळायला हवं होतं. कळलं नाही. मास्तर, तुम्ही लिहिलंय ते खरंच आहे."

मी उठलो. ताईने मला नुसत्या हाताने बसवलं. डाव्या हाताने. मग ती बाबांच्या समोर स्टूल ओढून बसली.

"काका, मी डावरी. दहा वर्षांची असताना घरात माझा डावा हात नाडीने कमरेला बांधायचे. जेवताना, लिहिताना. सुटला की फटका. शाळेत वेगळा फटका. उजव्या हाताने मला धड रेघ ओढता येत नव्हती, म्हणून मी मठ्ठ ठरले. एकदा भावाच्या दप्तरातून हा अंक काढला. बाराव्या पानावर बघते तर जागल्याची मूठ डावी. सगळ्यांत ताकदवान माणूस, आणि डावरा. मी भावाला विचारलं, यालाही बांधतात का? तो म्हणाला, याला कोण बांधणार."

बाबा तिच्याकडे बघत होते.

"त्या दिवशी मी नाडी सोडली. परत बांधली, परत सोडली. महिनाभर मार खाल्ला. मग घरचेच कंटाळले." तिने मशीनवरची कात्री उचलली. "ही डाव्या हाताची कात्री. दोन पोरींची शिक्षणं झाली हिच्यावर. तुमचे आभार कुठे मानायचे ते मला चाळीस वर्षं माहीत नव्हतं."

बाबांनी कात्री हातात घेऊन तिची पाती उघडून पाहिली. मग म्हणाले, "बाई, मी मुद्दाम केलं नव्हतं."

"माहितीये. मुद्दाम करणाऱ्यांनी तर हात बांधला होता."

मास्तरांनी वही काढली, पेन काढलं आणि गचाळ, बेजबाबदार हे दोन्ही शब्द खोडले. मग "चूक" कडे वळले.

"ते राहू द्या," बाबा म्हणाले. "चूक होती. गचाळ काढलंत ते बरं केलंत, मी गचाळ नव्हतो. अकरा वर्षांत ही एकच. आणि तो 'कुणा' काढा. कुणा कारागिराच्या नाही. मला नाव आहे."

त्यांनी पूर्ण नाव सांगितलं, माझ्या आजोबांच्या नावासकट. मास्तरांनी ते गिरवून लिहिलं आणि वही फिरवून त्यांना तपासायला दिली. शाळेत कुणाला असं देत नसतील.

"आता शेवटची ओळ," ताई म्हणाली. "कथेत धरावीत."

"अहो पण चूक आहे हे काकाच म्हणतायत. मग कथेत कशी धरायची?"

"आम्ही चार भाऊ," कंपाउंडर म्हणाला. "धाकटा चुकून झाला. आई स्वतः सांगते. म्हणून त्याला जेवायला वाढत नाही का?"

मास्तरांनी "धरू नयेत" खोडून "धरावीत" लिहिलं. हरल्यावर त्यांचा चेहरा इतका मोकळा दिसतो हे मला नवीन होतं. ते बाबांसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "काका, मघाचं ते... मी न बघता लिहिलं होतं. चुकलंच." बाबांनी त्यांच्या दंडावर थोपटलं. मास्तरांशी मी सहा वर्षं भांडतोय. त्या दिवसापासून त्यांचा मी ऋणी आहे, आणि हे त्यांना तोंडावर सांगणार नाही, इथे वाचतील.

"पुढचं वाचलंय का तुम्ही?" ताईने विचारलं. "सत्तरावा? उलट्या येतो तो?"

"काढल्यावर मी एकही अंक उघडून वाचला नाही. उलट्या कोण?"

तिघंही एकदम बोलायला लागले आणि एकदम थांबले. ताईने कपाटातून सत्तर काढून त्यांच्या मांडीवर ठेवला. बाबा वाचू लागले, बोट फिरवत, भिंग लावून. एकाहत्तर मागितला. बहात्तर मागितला. आम्ही आमचं काम करतोय असं दाखवत होतो. खरं म्हणजे चौघं त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होतो, ते कुठल्या पानावर हसतात ते. दोनदा हसले.

चौऱ्याहत्तर संपवून त्यांनी भिंग खाली ठेवलं.

"हा उलट्या इथे झोपलाय," ते म्हणाले. "आणि जागल्या त्याच वेळी आरशात अडकलाय. मग शहराचा पहारा कोण देतंय?"

"कुणी नाही," मास्तर म्हणाले. "त्या महिन्यात शहर उघडं होतं. माझं तेच म्हणणं आहे."

"छे. उघडं असतं तर चोरी दाखवली असती."

"काका, पान वीस बघा."

"बघितलं. तुम्ही नीट बघा. खिडकीत दिवा आहे."

मास्तरांनी भिंग मागितलं. बाबा खुर्चीवरून उठून ठाणावर त्यांच्या शेजारी सरकून बसले, एक गुडघा वर घेऊन, आणि दुकान बंद करायची वेळ होऊन गेली तरी दोघांतलं कुणी माघार घेईना.