पूर्वेकडे पाय

चार वाजता पेटी यायची होती. तीन वाजून गेले तरी कबर खोदणाऱ्याचं पाऊल काही त्या खड्ड्यापासून निघेना. काठ तासून झाले, फावडं दोनदा धुऊन झालं, आता तिसऱ्यांदा धुवायला घेतलं. मनासारखं काम झालं होतं. मग जिवाची ही तगमग कशाला?

त्याने केलं होतं ते असं. त्या दफनभूमीत झाडून सगळे पूर्वेकडे पाय करून झोपलेले. शेवटच्या दिवशी प्रभू पूर्वेकडून येणार, तेव्हा उठून बसलं की समोर तोच दिसावा. पेटी खांद्यांशी रुंद, म्हणून कबरीची रुंद बाजू डोक्याकडे, पश्चिमेला. बावीस वर्षांत त्याच्या हातून कधी चूक झाली नव्हती. आज मात्र त्याने रुंद बाजू मुद्दाम पूर्वेला काढली होती. उठू दे म्हाताऱ्याला देवाकडे पाठ करून!

म्हातारा म्हणजे फर्निचरच्या कारखान्याचा मुकादम. कामगार मधेच बाहेर सटकतात म्हणून हा मागच्या दाराला कुलूप घालायचा. आग लागली तेव्हाही ते कुलूप तसंच होतं, आणि कबर खोदणाऱ्याचा दादा त्या दाराशीच सापडला. मुकादम चार वर्षं तुरुंगात राहिला, मग बाहेर येऊन आरामात म्हातारा झाला, आणि परवा मरताना फादरांपुढे ढसाढसा रडला. फादरांनी पापक्षमा देऊन टाकली. झालं, सुटला गडी! दादाला श्वास मिळाला नाही आणि याला स्वर्ग? कबर खोदणाऱ्याने फादरांना तसं तोंडावर विचारलंही होतं. फादर म्हणाले, "देवाचा न्याय आपल्या मापाचा असता, तर तुझं-माझं तरी काय झालं असतं?" तेव्हापासून तर तो जास्तच धुमसत होता.

इतक्यात वहिनी आली. दादाच्या कबरीवरचा पाचोळा काढायला ती रोजच यायची, आणि ती कबर या खड्ड्याच्या बरोब्बर मागे, पश्चिमेच्या रांगेत. तिने खड्ड्यात डोकावलं.

"भावोजी, हे उलटं झालंय."

"झालं नाही, केलंय."

तिने खड्डा बघितला, मागची कबर बघितली. "अहो, मग हा यांच्याकडे तोंड करून उठणार! यांनी डोळे उघडल्या उघडल्या त्याचंच थोबाड बघायचं का?"

एवढं डोकं चालवलं आणि हे कबर खोदणाऱ्याच्या लक्षातच आलं नव्हतं. तरी हट्टाने म्हणाला, "बघू दे. त्याला लाज तरी वाटेल."

"लाज वाटली होती त्याला," वहिनी म्हणाली. "गेल्या आठवड्यात मला इस्पितळात बोलावून घेतलं. हात धरून माफी मागितली. मी हात सोडवला आणि चालती झाले. नाही जमलं मला. अजूनही जमत नाही." तिने दादाच्या कबरीवरचं एक पान उचलून बाजूला टाकलं. "म्हणून म्हणते, त्याला देवासमोर उभा राहू दे. शिक्षा करायची तर देवाने करावी, सोडायचं तर देवाने सोडावं. मधे आपण नको."

तो कुदळ घेऊन खाली उतरला आणि एकेका घावाला एकेक शिवी हासडत पश्चिमेची बाजू रुंद करू लागला. रस्त्याच्या टोकाला पेटीची गाडी दिसायला लागली.

"आणि देवाने खरंच सोडलं तर?" त्याने मान वर न करता विचारलं.

"तर माझा फार जळफळाट होईल," वहिनी म्हणाली, आणि फावडं उचलून तीही खड्ड्यात उतरली.