गुणगुणणाऱ्या नळ्या

शेतांवरचा बर्फ वितळून चिखल झाला आणि परास्का बोयचुकच्या रेडिओवरून तिचा मुलगा तुटक तुटक ऐकू यायला लागला.

मिरोन दूर उत्तरेला, गोठलेल्या समुद्रातल्या एका बेटावर हवामान केंद्रात नोकरीला होता. तिथे फोन नव्हता. सामानाचं विमान यायचं, तेही हवेची मर्जी असेल तेव्हा. म्हणून रविवारी दुपारी तो केंद्रातल्या रेडिओपुढे बसायचा आणि इकडे कॅनडातल्या सास्काचेवानच्या सपाट मुलखात, स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीत, परास्का बसायची. आपलं बोलून झालं की 'ओव्हर' म्हणायचं, मग पलीकडच्यानं बोलायचं. नवरा होता तोवर दोघं बसत. बोलायची मात्र ती एकटीच. वासिल नुसती बटणं फिरवायचा. शेत टाकून गेलेल्या पोराशी त्यानं बोलणं टाकलं होतं. गेल्या शरद ऋतूत ट्रॅक्टरचं तेल बदलता बदलता वासिल शेडमध्येच कोसळला, तो उठलाच नाही. बेटावर तेव्हा वादळ होतं. मिरोनला बापाच्या मातीला येता आलं नाही.

"आई, मी विचारत होतो, बाबा..." खर्रर्र. "...का? ओव्हर."

"परत बोल रे बाळा. वारा सुटलाय इकडे. ओव्हर."

"म्हटलं, बाबांनी..." खर्रर्र. "ओव्हर."

तिसऱ्यांदा विचारायला तिची जीभ रेटत नसे. "हो हो, सगळं ठीक आहे," असं काहीतरी ती म्हणायची. मग तो थंडीवाऱ्याचं बोलायला लागायचा. दर रविवारी तोच प्रश्न यायचा आणि दर रविवारी खरखरीत बुडायचा. त्यात 'बाबा' होते एवढं तिला कळत होतं. खरं सांगायचं तर प्रश्न पुरता ऐकू येत नाही याचं तिला कधी कधी बरंही वाटायचं.

एका सकाळी अंगणातल्या रेडिओच्या मनोऱ्याखालच्या वाफ्यात खुरपताना तिच्या हाताला एक नट लागला. नवा, चकचकीत. शेजारचा कॉर्नी क्लासेन कॉफीला आला होता. सारा जन्म विजेच्या खांबांवर काढलेला माणूस.

"हे काय? यंदा बटाट्याऐवजी नट पेरलेस की काय?"

"वरून पडलाय, शहाण्या."

कॉर्नीनं दुर्बीण डोळ्यांना लावली. उंच मनोऱ्याच्या टोकाला अँटेनाच्या ॲल्युमिनियमच्या नळ्या आडव्या पसरल्या होत्या. "एक नळी लोंबतेय बघ. केबल जोडलीय तिथला नटही ढिला असणार. वारा आला की तार हलते, म्हणून तुझी ती खरखर."

"पण या हिवाळ्यात म्हणावं असं वादळ कुठे झालं?"

"वादळानं नट सुटत नाहीत गं. वादळ येतं, आदळआपट करतं, निघून जातं. चावट असतो तो हा असला मंद, एकसुरी वारा. नळ्यांना थरथर सुटते आणि नट कणाकणानं उलटा फिरतो. ऐक."

दोघांनी माना वर केल्या. वरून आवाज येत होता, बाटलीच्या तोंडावर फुंकर घातल्यासारखा. घूंऽऽ.

परास्काला तो नव्यानं ऐकायची गरज नव्हती. मिरोन शाळेत होता तेव्हापासून तो आवाज घरातलाच होता. जेवताना वासिल काटा हवेत धरून म्हणायचा, "नैऋत्येचा वारा." पोरगं धावत जाऊन धान्याच्या कोठारावरचा वातकुक्कुट बघून यायचं आणि ओरडायचं, "बरोबर!" वासिल गेल्यापासून भांडी घासता घासता ती हात थांबवून तोच ऐकत उभी राहायची.

"ही गुणगुण बंद करायला हवी," कॉर्नी म्हणाला. "नळ्यांच्या पोटातून दोर घालायचा. सगळी थरथर तो पिऊन टाकतो. मग नट हलायचं नाव घेत नाहीत."

"म्हणजे आवाज बंद?"

"अगदी बंद."

"मग नको. नुसते नट आवळ."

"अगं, आवळले तरी पुन्हा ढिले होणार. वासिल तेच करायचा ना! दर शनिवारी पाना घेऊन वर. मी त्याला दोर आणून दिला होता, पण पठ्ठ्यानं घातलाच नाही. विचारलं तर म्हणाला, पोराला तो आवाज आवडायचा."

परास्का त्याच्याकडे बघतच राहिली. "असं म्हणाला?"

"म्हणाला की. तुला माहीत नव्हतं?"

"मला वाटायचं, माझ्या कटकटीपासून पळायला चढतो."

"ते तर असणारच!" कॉर्नी हसला. मग तिच्या चेहऱ्याकडे लक्ष गेलं तसा कपातली उरलेली कॉफी ढवळत बसला.

ती बराच वेळ वर बघत राहिली. शेवटी म्हणाली, "दर शनिवारी मी काही वर चढायची नाही. आणि तुझे गुडघे..."

"माझे गुडघे माझ्यापाशी राहू देत."

"दोर कुठे आहे तो?"

शुक्रवारी त्यांनी मनोरा खाली घेतला. तो बुडाशी बिजागरीवर होता. कॉर्नी ट्रॅक्टरवर बसून तारदोर हळूहळू सोडत गेला आणि परास्का "सावकाश! सावकाश!" ओरडत बाजूनं चालत राहिली. अँटेना लाकडी टेकूंवर टेकला तसा तो भलताच मोठा दिसायला लागला. नळ्यांत दोर तिनंच ओवला. लांब तारेनं एका तोंडातून दुसऱ्या तोंडाकडे खेचला, टोकं बांधली, वर टोप्या बसवल्या. जुने नट काढून आत नायलॉनची कडी असलेले नवे घातले. जिथे तसे मिळाले नाहीत तिथे एका नटावर दुसरा नट आवळला. शेवटी नट आणि बोल्ट दोन्हींवरून लाल रंगाची एक रेघ ओढली.

"रेघ तुटलेली दिसली की समजायचं, नट फिरला," कॉर्नी म्हणाला. "दुर्बिणीतून बघायचं. चढायला नको."

दुपारी तिनं त्याला बटाटा भरून उकडलेल्या पिरोगी वाढल्या, वर आंबट साय. तो ताटावर तुटून पडला. "आमच्या घरात हे असलं मिळालं असतं तर मी खांबावर चढलोच नसतो," म्हणाला.

संध्याकाळच्या आत मनोरा पुन्हा उभा राहिला. वारा होता. गवत एका अंगाला लवलं होतं. वर मात्र काही नाही. कॉर्नी गेल्यावर परास्का आत आली आणि उगाचच भांडी आपटत, नळ मोठा सोडून स्वयंपाकघर धूत बसली.

रविवारी मिरोनचा आवाज आला तो खोलीत शेजारी बसल्यासारखा. त्याच्या खुर्चीची करकर ऐकू येत होती.

"आई, बाबा जाताना माझ्याबद्दल काही बोलले का? ओव्हर."

आता वाऱ्याचं नाव सांगायची सोय नव्हती. तिनं बटण दाबलं, सोडलं, पुन्हा दाबलं.

"नाही रे. बोलायला सवडच मिळाली नाही त्यांना." मग थांबत थांबत तिनं त्याला सांगितलं. शनिवारचं चढणं, न घातलेला दोर, कॉर्नी काय म्हणाला ते. "मलाही आत्ताच कळलं. ओव्हर."

 पलीकडून नाक शिंकरल्याचा आवाज आला. "मग आता वाजत नाही ते? ओव्हर."

"नाही वाजत. मीच बंद केलं. तू काय बोलतोस ते कळत नव्हतं. ओव्हर."

"बरं केलंस." तो घुटमळला. "आई, मी अजून वर्षभर इथेच राहतोय. सही करून टाकली. तुला मागंही सांगितलं होतं, पण तू हो हो म्हणालीस. ओव्हर."

शब्द न् शब्द नीट आला. खिडकीबाहेर ओली काळी जमीन क्षितिजापर्यंत पेरणीची वाट बघत पडली होती. यंदा ती परक्याला कसायला द्यावी लागणार होती.

"ऐकलं मी," ती म्हणाली. "या वेळी नीट ऐकलं. लोकरीचे मोजे पाठवते. आता तू बोल. काहीही बोल. मी मध्ये बोलत नाही. ओव्हर."

मग तो बोलत राहिला. किनाऱ्यावरच्या बर्फाला पडलेल्या भेगा, दारापर्यंत आलेले अस्वलाचे ठसे, आचाऱ्याचा दगडासारखा पाव. परास्का बटणावरचं बोट काढून, दोन्ही हात मांडीवर ठेवून ऐकत होती. दुपार कलली तसा त्याचा आवाज बारीक होत गेला. त्या वेळेला रेडिओवर उत्तरेकडचे आवाज असेच विरतात, तिथे पान्याचा काही इलाज चालत नाही. शब्द कळेनासे झाले तरी ती कान देऊन बसली होती, कारण तो अजून बोलत होता.